उजवा पाय

विनी लेनिहनने बुटाची फीत सोडून पुन्हा आवळली आणि मान वर न करताच ऐकत राहिली. पियानो मध्येच थांबला होता. नाच बसवणारे लुबिन हातातली टोपी मांडीवर आपटत मुलींच्या रांगेसमोर उभे होते.

“म्हातारा गेला,” ते म्हणाले. “म्हणजे मेला नाही. शिडीवरून पडला आणि पाय मोडून घेतला. गुरुवारी त्याचं दृश्य आहे आणि माझ्याकडे म्हातारा नाही. तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत आहे एखादा? पाय उचलता यायला हवेत. नाच वाईट आला तरी चालेल. खरं तर वाईटच यायला हवा.”

मुली हसल्या. विनीची फीत अजून मनासारखी बसत नव्हती.

चित्रपट लहानसाच होता; मोठ्या चित्रपटाला जोड म्हणून थिएटरवाले एका तिकिटात दाखवतात तसा. नाटकात काम मिळावे म्हणून शहरात आलेल्या मुलामुलींची गंमत, भरपूर गाणी, आणि शेवटी सगळ्यांनाच काम मिळते. त्यात एक दृश्य होते. थिएटरचा मालक नव्या मुलांचे नाच बघत बसला आहे. रांगेत एक म्हातारा शिरतो, टोपी काढतो आणि नाचू लागतो. त्याला काही जमत नाही. पोरेपोरी हसून लोळतात. मग रांगेतली एक मुलगी म्हणते, “आजोबा, दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे.” एवढे झाले की मालक पुढच्याला बोलावतो.

ती मुलगी विनी होती. आजवर ती बऱ्याच चित्रपटांत दिसली होती, पण पाठमोरी, नाहीतर कुणाच्या तरी पिसांच्या टोपीआड. पडद्यावर बोलायला मिळालेले हे तिचे पहिले वाक्य. घरी तिने वडिलांना ‘एक वाक्य मिळालंय’ इतकेच सांगितले होते आणि त्यांनी ते खाटकापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून टाकले होते.

“विनीचे वडील आहेत की,” शेजारून पर्ल म्हणाली. “नाचायचे ते. नुसते नाचायचे नाही, स्टेजवर होते. नाव होतं त्यांचं. हो ना ग?”

लुबिननी वळून पाहिले. “लेनिहन. अरे देवा, टोबी लेनिहन? उलटा जिना चढायचे ते?”

“हो,” विनी म्हणाली.

“मी पोरगा असताना बफेलो शहरात पाहिलंय त्यांना. जिन्याकडे पाठ करून, नाचत नाचत, एकदाही मागे न बघता वरपर्यंत.” बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. “ते करतील हे?”

“नाही करणार.”

“विचारून तर बघ.”

बाहेर फाटकाशी विनीने पर्लला गाठले. “तुला कुणी विचारलं होतं मध्ये बोलायला?”

“त्यांनीच तर विचारलं,” पर्ल म्हणाली. तिच्या मनात काही नव्हते. ती विनीच्याच अंगणात समोरच्या खोल्यांत आईबरोबर राहायची आणि रोज सकाळी विनीच्या वडिलांच्या बुटांच्या आवाजाने तिला जाग यायची. “घरात बसून बटाटे सोलण्यापेक्षा बरं नाही का ते?”

टोबी लेनिहन खरोखरच बटाटे सोलत होते. साल एकसंध निघाली पाहिजे असा त्यांचा हट्ट असायचा. बोलपट आले, गावोगावच्या नाट्यगृहांनी स्टेजवर पडदे टांगले, आणि त्यांच्यासारखी फिरती माणसे एकेक करत घरी बसली. बायको अ‍ॅग्नेस त्यांच्या जोडीने नाचायची. तीही त्याच सुमारास वारली. तेव्हापासून शनिवारी चर्चमागच्या हॉलमध्ये मुलांना शिकवणे, एवढेच नाचाचे काम उरले होते. मात्र रोज विनी कामाला निघाली की ते अंगणात फळी टाकायचे आणि तासभर सराव करायचे. विनीला हे शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून माहीत होते. तिला शिकवताना ते स्वतः कधी नाचून दाखवत नसत. टाळ्या वाजवत, तोंडाने ठेका धरत. गुडघा जपतोय, म्हणत. त्यांना पूर्ण नाचताना तिने पाहिले होते ते पडद्याआड उभी राहून, आईचा झगा हातात धरून, लहान असताना.

तिने सगळे सांगितले. त्यांनी नकार द्यावा म्हणून जमेल तितके कोरडे करून सांगितले.

“वाईट नाचायचं,” टोबी म्हणाले.

“हो.”

“आणि हसणार कोण?”

“आम्ही सगळे.”

ते सोललेला बटाटा पाण्यात टाकून पुढचा उचलू लागले, पण उचलला नाही. “मला वाईट नाचता येत नाही, विनी. कधी आलंच नाही. तुझ्या आईला यायचं. ती इतकी छान चुकायची की लोकांना वाटायचं, आता पडली.”

“मग नाही म्हणून सांगते उद्या.”

“असं कधी म्हटलं मी?” त्यांनी हात पुसले. “लुबिन. बफेलो. आणखी काय म्हणाला तो?”

“एकदाही मागे न बघता चढायचे, असं म्हणाला.”

“एकदा बघायचो,” टोबी म्हणाले. “पण लोकांच्या लक्षात यायचं नाही.”

जेवताना त्यांना तिचे वाक्य आठवले. ते याच दृश्यात आहे हे कळल्यावर त्यांनी काटा खाली ठेवला. “म्हणून दाखव.”

“नंतर, पपा.”

“आत्ता. बघू तर.”

विनीने भिंतीकडे बघत वाक्य म्हटले. टोबींनी नकारार्थी मान हलवली.

“घाई करतेस. मी तिथे नाचून थांबलोय आणि सगळे हसतायत. त्या हशात तू बोललीस तर वाक्य वाया गेलं. हसू ओसरू दे. अगदी संपू द्यायचं नाही. ओसरायला लागलं की म्हण. आणि ओरडू नकोस. सहज म्हणायचं, खरोखर पत्ता सांगितल्यासारखं. म्हण पुन्हा.”

“मी ते पर्लला देऊन टाकते.”

“वेडी आहेस का? पहिलं वाक्य कुणी देऊन टाकतं?” त्यांनी पुन्हा काटा उचलला. “म्हण.”

तिने म्हटले. त्यांनी ते इतक्या वेळा म्हणवून घेतले की शेवटी त्याचा अर्थच नाहीसा झाला, आणि मग विनीला ते नीट म्हणता आले.

गुरुवारी सकाळी ट्राममध्ये टोबी खिडकीशी बसले होते. अंगात काळा कोट, पायांत नाचाचे बूट. बूट पिशवीत न ठेवता ते घालूनच निघाले होते आणि गाडीच्या लाकडी तळावर त्यांची टाच उगीचच वाजत होती. समोरच्या बाईने दोनदा वाकून पाहिले.

“ऐक,” ते हलकेच म्हणाले. “तालमीत मी त्यांना हवं तसं करीन. धडपडेन, टोपी पाडेन. पण कॅमेरा सुरू झाला की जिन्याच्या नाचातला शेवटचा तुकडा नाचणार. सगळा. जसा आहे तसा.”

“पपा.”

“डेट्रॉइटला असंच झालं होतं. मला दोन नाचांच्या मधल्या वेळेत स्टेजवर झाडू मारणाऱ्याचं काम दिलं होतं. एक दिवस मी झाडू घेऊन नाचलो. दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव. लोकांनी एकदा बघितलं की दृश्य बदलतात, विनी. बदलावंच लागतं.”

“ते रागावतील. दोघांनाही काढतील.”

“लुबिन आहे ना,” टोबी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

विनीला भीती वाटत होती, पण त्या भीतीखाली दुसरेही काही होते. सगळ्या मुलींसमोर ते नाचतील, पर्लचे तोंड उघडे राहील, आणि ते वाक्य म्हणायची वेळच येणार नाही, असे चित्र तिच्या मनात आपोआप तयार झाले. तिने ते पुसले नाही.

लुबिन दारापर्यंत घ्यायला आले. त्यांनी टोबींचा हात दोन्ही हातांत धरला आणि बफेलोची गोष्ट दिग्दर्शकाला पुन्हा सांगितली. दिग्दर्शक तरुण होता, त्याला रात्रीची झोप मिळालेली दिसत नव्हती. तो “वा, वा” म्हणाला आणि टोबींनी थांबायच्या जागी त्याने खडूने फुली मारून घेतली.

तालमीत टोबींनी ठरल्याप्रमाणे केले. गुडघे एकमेकांवर आपटले, टोपी पाडली, ती उचलताना पुन्हा पाडली. दोनचार मुली हसल्या. दिग्दर्शक कपाळ चोळत उठला.

“नको. हे सर्कशीतलं झालं, आजोबा. तुम्ही विनोद करताय हे दिसतंय. म्हाताऱ्याला वाटतंय की आपल्याला येतं, अजून येतं. तुम्ही काही करूच नका. सरळ नाचा, जमेल तसं.”

“सरळ नाचू?” टोबींनी विचारले.

“हो. बाकी मी बघतो.”

टोबींनी रांगेत उभ्या असलेल्या विनीकडे पाहिले आणि एक डोळा बारीक केला.

दिवे लागले. पियानो सुरू झाला. टोबी पुढे आले, टोपी काढून त्यांनी ती छातीशी धरली, मग डोक्यावर किंचित कलती ठेवली. त्यांचे सगळे अंग ताठ झाले. पहिली काही पावले इतकी स्वच्छ वाजली की विनीच्या शेजारची मुलगी चुळबुळ करायची थांबली. हीच ती पावले. झगा हातात धरून उभ्या असलेल्या मुलीने ऐकली होती ती हीच.

मग गिरकी आली. गिरकी झाली आणि उजवा पाय मागे राहिला.

फार नाही. डावा ठेक्यावर पडला, आणि उजवा उशिरा येऊन त्याला मिळाला. टोबींनी ते पुढच्या पावलात भरून काढायचा प्रयत्न केला, त्यामुळे तेही उशिरा आले. उडी मारताना हवेत टाचा एकमेकींवर वाजवायच्या होत्या. त्या वाजल्या नाहीत, आणि ते खाली आले तेव्हा तोल सावरायला दोन्ही हात पसरले गेले. चेहऱ्यावर मात्र हसू होते, लोकांना अर्पण केल्यासारखे, आपण फार मोठे काही देत आहोत अशी खात्री असलेले. विनीने ते पडद्याआडून कितीदा तरी पाहिले होते. टोबी मुद्दाम चुकत नव्हते. त्यांच्याजवळ होते ते सगळे ते ओतत होते.

हशा फुटला. तालमीसारखा नव्हे, खरा. कॅमेऱ्यामागचा एक जण तोंडावर हात दाबून वाकला. पर्ल तर डोळे पुसत होती. टोबी शेवटचे पाऊल टाकून फुलीवर थांबले, धापा टाकत, हात पसरून. हसू ओसरू लागले. ओसरले. पूर्ण शांत झाले.

“थांबवा,” दिग्दर्शक म्हणाला. “ए, कोण ती, तिसरी! वाक्य आहे ना तुला? आजोबा, अप्रतिम. काय तो पाय मागे ठेवलात! पुन्हा अस्संच करायचं. अस्संच.”

टोबींचे हात हळूहळू खाली आले. ते दिग्दर्शकाकडे बघत होते, मग मुलींकडे, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर. पर्ल अजून डोळे टिपत होती. शेवटी त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिले.

लुबिन विनीजवळ आले होते. ते हसले नव्हते हे तिच्या आता लक्षात आले. “वाक्य दुसरीला देऊ?” त्यांनी खालच्या आवाजात विचारले. “तू मागे उभी राहा. कुणी काही म्हणणार नाही.”

तिने मान हलवायच्या आत पलीकडून टोबींचा आवाज आला.

“ती म्हणेल.” त्यांना अजून दम लागला होता. “हसू ओसरू दे, विनी, मग म्हण. सांगितलंय ना तुला.”

पुन्हा पियानो, पुन्हा टोपी. या वेळी उजवा पाय जरा जास्तच मागे राहिला. त्यांचे हसू तेच होते, कुठेही कमी झालेले नव्हते. सगळे हसले. रांगेतल्या कुणी हसायचे राहू नये म्हणून विनीही हसली. हसू ओसरू लागले तसे तिने मान किंचित तिरकी केली आणि रस्त्यात कुणी पत्ता विचारल्यासारखे सहज म्हटले, “आजोबा, दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे.”

कॅमेरा थांबल्यावर टाळ्या पडल्या. दिग्दर्शकाने टोबींच्या खांद्यावर हात ठेवला. “मुद्दाम वाईट नाचणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे.”

“सवयीचा भाग असतो,” टोबी म्हणाले.

दुपारी स्टुडिओच्या खाणावळीत दोघे समोरासमोर बसले. लुबिन हातात थाळी घेऊन त्यांच्या टेबलाकडे यायला निघाले, अर्ध्यावर थांबले, आणि दुसरीकडे जाऊन बसले. टोबींनी पावाचे लहान लहान तुकडे केले. ते घेवड्याच्या सारात टाकलेही नाहीत आणि खाल्लेही नाहीत.

“थांबलीस चांगली,” ते म्हणाले. “अगदी जागच्या जागी.”

“तू सांगितलं होतंस म्हणून.”

“आणि मी... शेवटी मी त्यांना हवं तसंच केलं. म्हटलं, कशाला तुझं काम घालवा. मुद्दाम मागे ठेवला पाय. कळलं ना तुला?”

विनीने चमचा सारात फिरवला.

“कळलं,” ती म्हणाली.

“तुला कळणारच. इतरांना काय.”

दुसऱ्या दिवशी अंगणात फळी पडली नाही. नंतरही नाही. एरवी आवाजाची तक्रार करणारी पर्लची आई दार वाजवून विचारून गेली, मिस्टर लेनिहन आजारी आहेत का. टोबी शनिवारी मुलांना शिकवायला जात, घरी येत, बटाटे सोलत. चित्रपटाबद्दल त्यांनी काही विचारले नाही आणि विनीने काही सांगितले नाही.

चित्रपट लागला तेव्हा मात्र तेच म्हणाले, “चल, तुझं वाक्य बघू.”

दुपारचा खेळ होता; अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या. विनीचा चेहरा पडद्यावर क्षणभर आला, एकटा, भिंतीएवढा. तिचे वाक्य ऐकून लोक हसले. तिच्या अंगावर शहारा आला, सुखाचा. आणि लगेच तिने वडिलांकडे पाहिले. टोबी पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांनी मान मागे वळवली होती आणि अंधारात बसलेल्या लोकांकडे ते कान देऊन बघत होते. थोड्या वेळापूर्वी, गिरकीनंतर पाय मागे राहिला तेव्हा, मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली होती, “बिचारा ग.” ती हसली नव्हती. तिच्या आसपासचेही कुणी हसले नव्हते.

बाहेर उन्हात आल्यावर टोबींनी टोपी डोळ्यांवर ओढली. “गोड दिसलीस,” ते म्हणाले. घरी पोहोचेपर्यंत एवढेच.

त्याच आठवड्यात लुबिनचा निरोप आला. नव्या चित्रपटात तसाच एक म्हातारा होता, या वेळी तीन दृश्यांत. टोबीच हवेत म्हणून दिग्दर्शक अडून बसला होता.

“आणि तुला?” टोबींनी विचारले.

“मला नाही. मुलींचं काम नाहीये त्यात.”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडून दुसऱ्या बाजूने घातली. “बघू,” म्हणाले.

शनिवारी त्यांना यायला उशीर झाला म्हणून विनी चर्चच्या हॉलवर गेली. मुले निघून गेली होती. खिडक्यांतून तिरपे ऊन जमिनीवर पडले होते आणि टोबी कोट काढून, टोपी मात्र डोक्यावर ठेवून मधोमध उभे होते.

“बरं झालं आलीस. दार लोटून घे,” ते म्हणाले. “बघ आणि सांग, कुठे मागे राहतो ते.”

“काय?”

“पाय.”

“कुठेच नाही राहत, पपा.”

“विनी.”

तिने दार लोटले. तिथेच दाराला पाठ लावून ती उभी राहिली. टोबी वाट बघत होते.

“गिरकीनंतर,” ती म्हणाली. “उजवा.”

“किती?”

“थोडा.”

“दर वेळी तेवढाच?”

“नाही. कधी थोडा, कधी बराच.”

“तेच,” टोबी म्हणाले. इतके दिवस कुणीतरी हे म्हणावे म्हणून थांबल्यासारखी त्यांनी मान हलवली. “कधी किती राहील ते मलाच कळत नाही. मला नाही कळलं तर लोकांना काय कळणार? ते घाबरतात. त्या दिवशी ती बाई म्हणाली ना.”

“तू ऐकलंस ते?”

“लोकांचं ऐकतच पोट भरलं आपण, पोरी.” त्यांनी बाह्या वर सारल्या. “आता तो वेळेवर यायचा नाही. इतकी वर्षं रोज तासभर फळी बडवली, तरीही. नाही येत. तर मग त्याचा उशीर तरी नेमका बसवू. ठेका धर.”

विनी पुढे आली. तिने ठेका धरला. टोबी गिरकी घेत आणि ती सांगे: जास्त झाला, आता कमी, आता मघाचसारखा. सुरुवातीला तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. मग हळूहळू येऊ लागला. एकदा ती म्हणाली, “नाही, हा मुद्दाम ठेवलास,” आणि टोबी म्हणाले, “हो, ठेवला,” आणि दोघेही क्षणभर थांबून पुन्हा सुरुवातीपासून सुरू झाले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला. पाय आता बऱ्याचदा एकाच जागी, एकाच अंतराने मागे राहू लागला.

तेवढ्यात हॉलची झाडलोट करणाऱ्या ऑर्टेगाबाई बादली घेऊन आत आल्या. टोबी गिरकीत होते. पाय मागे राहिला, हात पसरले गेले, आणि ऑर्टेगाबाई बादली टाकून धावल्या.

“अहो सांभाळा, सांभाळा! धरा मला.”

त्यांनी टोबींचा दंड पकडला. टोबींनी तो हळूच सोडवून घेतला, त्यांचे आभार मानले आणि भिंतीपाशी जाऊन पाणी प्यायले. विनीकडे बघत ते म्हणाले, “यांना हसू नाही आलं.”

“त्या घाबरल्या.”

“मी वर बघतो म्हणून. पाय मागे राहतो आणि मी लोकांकडे बघून हसतो, काही झालंच नाही असं. मग त्यांना वाटतं, याला माहीतच नाही.” त्यांनी ओठ पुसले. “तेव्हा नव्हतंच माहीत.”

ऑर्टेगाबाई सांडलेले पाणी पुसायला वाकल्या होत्या.

“जरा थांबता का, बाई?” टोबी म्हणाले. “एकदाच बघा. धावू नका.”

बाई फडके हातात घेऊन उभ्या राहिल्या. विनीने ठेका धरला. पावले स्वच्छ पडली, गिरकी झाली, डावा पाय जागेवर आला. उजवा आला नाही. या वेळी टोबींनी समोर पाहिले नाही. ते थांबले, मान वळवून त्यांनी मागे राहिलेल्या पायाकडे पाहिले, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसे, आणि ‘मंडळी खोळंबली आहेत, या आता’ असे म्हटल्यासारखी अदबीने मान झुकवून त्याला वाट करून दिली. पाय आला. टोबींनी त्याच्या स्वागताला डोक्यावरची टोपी उचलली.

ऑर्टेगाबाईंच्या तोंडून हसू निसटले. आपण चर्चच्या आवारात आहोत हे आठवून त्यांनी फडके तोंडाशी धरले, पण त्यांचे खांदे हलत राहिले.

टोबींनी वळून मुलीकडे पाहिले. त्यांना चांगलाच दम लागला होता, आणि ते वाट बघत होते.

विनीने घसा साफ केला.

“टोपी जरा लवकर उचललीस, पपा,” ती म्हणाली. “त्यांचं हसू ओसरू दे.”